सातवं वाक्य

शरणपूर रोडला चष्म्याच्या दुकानावर, दुसऱ्या मजल्यावर
साडेसहाची बॅच.
दोन नर्सा, सातपूरचा एक फिटर,
लेकाकडे कॅनडाला निघालेल्या वैशंपायन काकू,
आणि मी, दिंडोरीच्या पॅकहाउसात ईमेल लिहिणारी.
मागच्या सीझनला रॉटरडॅमहून तक्रार आली, मणी गळाले म्हणून.
मी लिहिलं : वुई आर सॉरी ऑफ द ग्रेप्स.
साहेब आधी हसले,
मग क्लासची फी त्यांनीच भरली.

साळवे मॅडम फळ्यावर भावना लिहितात एकीखाली एक,
आणि प्रत्येकीपुढे एक रेघ.
अफ्रेड, रेघ. प्राउड, रेघ. वरीड, रेघ.
"पाठ करा. कारण विचारू नका.
घाबरायचं ते ऑफ. काळजी करायची ती अबाउट.
आणि लग्न होतं ते टू. विथ नाही."
फिटर विचारतो, "मॅडम, लग्न ही भावना आहे का?"
काकू वहीतलं काहीतरी खोडत म्हणतात,
"चाळीस वर्षं मी विथच समजत होते हो."

मी मात्र आपल्याच शेपट्या मोजत बसते.
प्रेम तुझ्यावर : छत्री धरावी तसं, किंवा दगड ठेवावा तसं.
अबोला तुझ्याशी, म्हणजे बोलणं तोडलं तरी शी तुटत नाही.
भीती कुत्र्याची, जणू त्यानेच पाळलेली.
आणि हे सगळं मला येतं, मला वाटतं,
मी काहीच करत नाही,
दार उघडं ठेवून उभी असते फक्त.
इंग्रजीत पळायला जागा नाही.
आय ॲम. मीच ती.

दादांचा राग, असं आमच्या जेल रोडच्या घरात म्हटलं
की दोन अर्थ निघायचे.
त्यांना यायचा तो,
आणि मला त्यांचा यायचा तो.
एकच षष्ठी, दोन माणसं तिच्यात दाटीवाटीने.
एकतीस वर्षं प्रेसमध्ये त्यांनी नोटांचे ताव मोजले.
घरी आले की पोळ्या मोजायचे, जिन्याच्या पायऱ्या मोजायचे,
बोलायचे कमी.
माझा पुण्याचा फॉर्म त्यांनी चार घड्या घालून
पंख्याच्या रेग्युलेटरमागे खोचला.
तारीख गेली. पंखा फिरत राहिला.
मीही कधी तो काढला नाही तिथून.

वर्कशीटवर सातवं वाक्य :
आय ॲम अँग्री, रेघ, माय फादर.
नियम सोपा आहे. माणूस असेल तर विथ,
गोष्ट असेल, प्रसंग असेल तर अबाउट.
मी हात वर केला.
"मॅडम, माणूस गेलेला असेल तर?"

खाली सिटीलिंकचा हॉर्न बराच वेळ वाजला.
नर्सांपैकी धाकटीने पेन खाली ठेवलं.
मॅडमनी मार्करचं टोपण लावलं, पुन्हा काढलं.
पुस्तकात नसणार हे, मलाही माहीत होतं.
"किती दिवस झाले?"
"पुढच्या महिन्यात वर्षश्राद्ध."
"मग अजून विथच लिही," त्या म्हणाल्या,
आणि फळा पुसायला वळल्या,
पुसण्यासारखं फारसं काही नसताना.

विथ म्हणजे सोबत. हे तर पहिलीतलं पोरगंही सांगेल.
दादा, म्हणजे इतके दिवस मी
तुमच्या सोबत रागावलेली होते?
तुम्हीही होतात त्यात?

परतीच्या बसमध्ये थंडी खिडकीच्या फटीतून थेट कानात.
द्वारका सर्कलला गर्दी उतरली.
शेजारच्या सीटवर पर्स ठेवणार होते,
मांडीवरच घेतली.

आठवं वाक्य राहिलंय.
आय वॉज फॉन्ड, रेघ.
उत्तर येतं मला, ऑफ.
पण अजून लिहिलेलं नाही.