काळजाचा वाटा

देवळामागचं तळं चैत्रात
जांभ्याच्या सातव्या पायरीखाली उतरतं
आणि मग त्याला रंग चढतो,
खिडक्या रंगवून उरलेला ऑइलपेंट
कुणी काठाशी ओतून दिल्यासारखा.
वर काजूची बाग, तिला घातलेलं खत,
त्याच्याही वर नवं रिसॉर्ट.
उतार सगळा इकडेच.

अनशीकाकी पदर खोचून त्यातच शिरते,
अंगठ्याने चिखल चाचपत शिंपले काढते.
"पाणी हिरवा आसात, पण मांस बघ, कसा पांढरा फटफटीत!"

मी बघते. त्याचाच पगार घेते.
बर्फाच्या डब्यात बारा शिंपले, चार गोगलगायी,
वीतभर मरळ. लेबलं, तारीख.

शिंपला दिवसभर पाणी ओढतो, गाळतो, सोडतो.
हिरवं ठेवून घेतो.
हिरवं पचतं. हिरव्याच्या आतलं सगळं पचत नाही,
ते बसत जातं
चहाच्या किटलीला आतून बसतं तसं.
आणि त्याला स्वतःला काही होत नाही.
गोगलगाय पायरीचं बुळबुळीत चाटते,
मरळ गोगलगायीला गिळते.
कुणाचंच पोट दुखत नाही.

"तीनदा उकळतंय मी, सोलां घालून.
काय जगतला त्यात?"
जगत नाही, काकी.
ते जिवंत नव्हतंच कधी,
म्हणून मरतही नाही.

मरळीच्या मांसात थोडंसं.
काळजात मात्र गच्च.
करंगळीच्या पेराएवढं ते काट्यावर ठेवताना
हात थांबला.

लहानपणी मी किरकिरी, अशक्त.
आई मरळीचं काळीज वेगळं काढायची,
तव्यावर तेल, हळद, मीठ,
आणि भावांना न दाखवता
माझ्या भातात पुरायची.
तेव्हा तळ्याचा रंग कसा होता?
आठवत नाही.
तेव्हा वजन कोण करत होतं!

तिसऱ्या दिवशी आकडा आला.
ग्रामपंचायतीने फलक लावला, निळ्यावर पांढरी अक्षरं.
काकीला वाचता येत नाही,
म्हणून मीच गेले.

ओटीवर टोपली. मी तोंड उघडायच्या आत
तिने फणसाच्या पानांखालून
एक पुडकं काढलं:
"ह्ये तुका. म्होटे म्होटे निवडून ठेवलंय."

मोठे म्हणजे जुने.
जुने म्हणजे