कांडी

अशोक चौकातला सायबर कॅफे, पंधरा रुपये तास,
खुर्चीचा एक पाय आखूड.
खेळानं विचारलं, नाव?
गाजूल नरसिंग रामय्या,
हजेरीच्या वहीत आडनावापासून ओरडलं जाणारं,
त्या चौकटीत मावेना.
बोटांना सुताचं तूस चिकटलेलं होतं.
मी टाकलं: कांडी.
इंग्रजी पाच अक्षरं. पुढं आकडा लावावा लागला नाही.
तेव्हा जगात हे नाव कुणालाच नको होतं.

अम्मा कांड्या भरायची. मोजायची तेलुगूत,
शेठशी हिशेब मराठीत,
आणि सूत तुटलं की कन्नडमध्ये शिवी.

पोलंडचा एक जण वीस वर्षं मला कॅंडी म्हणतो.
एकदा समजावलं, बाबा रे, गोळी नव्हे.
धोट्याच्या पोटात बसून
आडवं सूत सोडत जाते ना, ती.
संपली की टोपलीत पडते, पुन्हा भरतात.
तो म्हणाला, समजलं, कॅंडी.

दिवसा मी ऑस्ट्रेलियातल्या विम्याचा कोड लिहितो.
मीटिंगमध्ये सगळे मला नार्सिंग म्हणतात,
मीही ओ देतो.
रात्री माझं काम एकच, पडलेल्यांना उठवणं.
तलवार मी कधी घेतली नाही.

नानांनी चारही माग भंगारात घातले, किलोच्या भावानं.
त्या रात्री घर इतकं गप्प झालं
की हेडफोन लावल्याशिवाय झोप येईना.

लग्न ठरताना पद्मजाला सगळं सांगितलं,
पगार, कर्ज, गुडघ्याचं ऑपरेशन.
एवढं एक राहून गेलं.
तिसऱ्या महिन्यात तीच म्हणाली,
झोपेत 'मागं या, मागं या' करतोस,
कोण पुढं गेलंय एवढं?

आमच्याकडं पाणी पाचव्या दिवशी येतं,
तेही रात्री पावणेतीनला.
पद्मजा आतून हाक मारते
आणि मी चाळीस जणांना राक्षसासमोर सोडून
मोटर लावायला उठतो.
आता सगळ्यांना पाठ झालंय: थांबा, कॅंडीचं पाणी आलं.
कोरियाच्या पोरानं एकदा विचारलं,
तुमच्या गावात ठरलेल्या दिवशीच वाहणारी नदी आहे का?
म्हटलं, आहे.

अम्मा गेली तेव्हा नऊ दिवस आत गेलो नाही.
दहाव्या रात्री गेलो तर माझ्या थैलीत
कुणी कुणी टाकून ठेवलेलं,
औषधाच्या बाटल्या, धान्य, एक लाकडी घोडा.
कुणी काही विचारलं नाही.
पोलंडवाला बऱ्याच वेळानं म्हणाला,
कॅंडी, पाणी आलं होतं का?
मी लिहिलं, हो.

परवा सहस्रानं तोच खेळ मोबाइलवर घेतला.
अकरा वर्षांची आहे. नाव टाकलं, ओठ आवळले, पुन्हा टाकलं.
"पप्पा, नानम्माची आठवण म्हणून ठेवणार होते.
तिचं नाव नाही, तिच्या हातातलं.
कुणीतरी आधीच घेऊन बसलंय.
कोण असेल हा बावळट?
त्याला तर अर्थपण माहीत नसेल."

कडक भाकरीचा तुकडा माझ्या तोंडातच राहिला.
लाल अक्षरं: हे नाव उपलब्ध नाही.
तिनं फणकाऱ्यानं पुढं दोन लावला.

मग ती आतल्या खोलीत, मी बाहेरच्या.
मधे भिंत, भिंतीवर अम्माचा फोटो, त्याला कालचा हार.
मी आत गेलो.
वेशीपाशी एक नवखी उभी होती, हातात काठी,
तीही उलटी धरलेली.
नदीकडं जावं की जंगलाकडं, कळत नव्हतं तिला.
जंगलाकडं निघाली. निघणारच.

मी नाव झाकलं.
ती सोय आहे खेळात, वीस वर्षांत वापरली नव्हती.
हाक मारली नाही, वाटही दाखवली नाही.
दहा पावलं अंतर ठेवून
मागं मागं चालत राहिलो,
पडलीच तर.