आपला माणूस

वकील म्हणाले, त्या दिवशी गाडीचा रस्ता कोणता
तेवढं एकदा पक्कं करून घेऊ.
बेशाच्या गोदामातून मानेवाडा चौक, अन् परत.
बावीस जार. मे महिना. पारा शेहेचाळीसवर.
मग ह्यात तुकडोजी पुतळा कुठे येतो?
येत नाही, मी म्हणालो.
झालं तर. ड्रायव्हर स्वतःच्या कामाला गेला होता.

त्यांनी टाइप करून घेतलं:
सदर इसम आमचा नोकर नसून
फेरीमागे कमिशन घेणारी स्वतंत्र व्यक्ती आहे.
कागद अजून कोमट होता.

नऊ वर्षं. गोवर्धन हेडाऊ.
त्याच्या शर्टाच्या पाठीवर माझ्या धंद्याचं नाव,
निळ्या अक्षरांत, खाली माझा मोबाइल.
धडकेनंतर तो त्या बाईंना उचलायला वाकला
तेव्हा जमलेल्या लोकांनी आधी मलाच वाचलं.

गिऱ्हाइकाचा फोन आला की मी म्हणायचो,
पाच मिनिटं, आपला माणूस निघालाच आहे.
जारमागे चार रुपये त्याचे,
डिझेल माझं,
उशीर झाला तर तो मात्र त्याचा.

मेडिकलच्या वॉर्डात कूलर नुसती हवा फेकत होता,
त्यात पाणी घालायला कोणी नव्हतं.
सिंधूबाई चाफले. अंगणवाडीत मदतनीस. उजवा पाय.
मुलगा चिडला नाही, त्यानं फक्त विचारलं,
गाडी कोणाची?
माझी.
अन् माणूस?
मी कूलरकडे बघत राहिलो.

पोलिसांनी गोवर्धनला विचारलं,
तिकडे काहून गेला होतास बे?
असाच, तो म्हणाला.
वकिलांनी त्या शब्दाखाली लाल रेघ मारली आहे.

बारा वाजून चाळीस मिनिटांनी मी त्याला फोन केला होता.
पुतळ्याजवळच्या दुकानात माझा चष्मा तयार आहे,
येताना घेऊन ये,
अन् पळव जरा, दुसरी फेरी खोळंबली आहे.
हे वकिलांना मी सांगितलेलं नाही.
त्यानं पोलिसांना सांगितलं नाही.
त्या रात्री ठाण्यातून सुटून तो घरी आला,
रुमालात गुंडाळलेला चष्मा टेबलावर ठेवला,
पाणी विचारलं तर नको म्हणाला.
काचेला ओरखडाही नव्हता.

इथे सही करा, वकील म्हणाले,
आणि इथे, प्रत्येक पानावर.
अक्षर फार बारीक आहे, मी म्हणालो,
आणि चष्मा काढला.