साखर पेठेतलं रेकॉर्डिंग

ओम्नीची मागची सीट काढून
आतून चादरी ठोकल्यात, मोराच्या, इथल्याच.
आवाज शोषून घेतात.
नरसव्वा वाकून बघते, एका मोरावर बोट ठेवते:
"हा आमच्या मालकांच्या हातचा.
शेपूट बघा, चुकलंय."

भिंतीपलीकडे चार माग. खटाक्-खट, खटाक्-खट.
हातापाया पडून बंद करवले,
अर्ध्या तासाचे पैसे मोजले.
माईक लावला. लाल दिवा.

नरसव्वा गप्प.
मांडीवर विड्यांचं सूप,
पानाला दोरा गुंडाळते, सोडते.
कुठंतरी कुकरची शिट्टी, तीही संपली.
"काय झालं, अव्वा?"
"चाल सापडंना. धोटा कुठाय?"

मग मीच गेलो पलीकडे,
चालू करा म्हणालो.

आता रात्री टेंभुर्णीच्या ढाब्याबाहेर, गाडीतच,
हेडफोन लावून खटखट कमी करत बसलोय.
थोडी कमी केली
की तिचा श्वास भलत्याच जागी पडतो.
आणखी केली तर ती
त्या मला न कळणाऱ्या तेलुगू ओळीच्या मध्यावर
कुणाची तरी वाट बघत थांबल्यासारखी.

सगळं परत होतं तिथं नेलं.
फाइलचं नाव: नरसव्वा बोद्दुल आणि चार माग.

वर बघितलं.
शेपूट खरंच चुकलंय.