केकचं मीठ

शनिवारी ऑफिस बंद.
सुट्टी दोन दिवसांची झाली तेव्हापासून
माझं काय करायचं, हे मला नीटसं ठरवता आलेलं नाही.
मथुरा पहाटेच गेली, पावणेसहाची अंबाजोगाई,
खांद्याला बॅग, पोटात कपभर चहा.
मी दार लावलं आणि डब्यात हात घातला:
ज्वारीचं पीठ दीड वाटी,
गव्हाचं अर्धी, गूळ किसून एक.

आठवडाभर मी लोकांचे बांध मोजतो.
एकाचा हात खुंटीवर, दुसऱ्याचा कॉलरला.
इथं वाटी सुरीच्या पाठीनं सपाट केली
तर हरकत घ्यायला कुणी उभं नाही.
गूळ दुधात विरघळला, दही त्यात गेलं,
सोडा पडला तसं सगळं फसफसून वर आलं
आणि कुणाची हद्द कुठं संपली
ते मलाही दाखवता आलं नसतं.

ओव्हन नाही घरात.
कुकर आहे, तुरीच्या डाळीत आयुष्य काढलेला.
तळाशी जाड मीठ पसरलं, वर स्टीलची रिंग,
तिच्यावर हमीदाबीकडून आणलेला ॲल्युमिनियमचा डबा.
(परत देताना रिकामा देऊ नका, असं ती म्हणाली नाही.
नुसती हसली.)
रबर काढलं, शिट्टी काढली.
वीस वर्षं ओरडत आलेला माणूस
एकदम ऐकून घ्यायला लागावा
तसा कुकर गप्प.
मी समोर पाट घेऊन बसलो.
खरं म्हणजे बसायची गरज नव्हती.

साडेअकराला वास आला.
आधी मिठाचा, तापलेल्या फुफाट्यासारखा,
मग ज्वारीचा, भाकरी पापुद्रा धरते तेव्हाचा,
आणि मग एक गोड,
ह्या घरात कधी न आलेला.
अजून पंधरा मिनिटं ठेवायचा होता.
मी दहाव्याला झाकण काढलं.
मधोमध बसला,
हळू, माझ्यादेखत.

संध्याकाळी मथुरा आली.
बॅग न उतरवता ओट्यापाशी उभी राहिली,
पाय रोवून, फरशी आता वळण घेईल अशा बेतानं,
आणि खड्ड्यातलाच तुकडा उचलला.
"कच्चाय," म्हणाली. दुसरा घेतला.
"कशाचाय?"
"ज्वारीचा."
"मंग भाकरी काय वाईट होती?"
तिसरा घेतला.

रविवार तिच्या वाट्याला सात आठवड्यांनी आलेला.
आठ वाजेपर्यंत झोपली. मी भांडं वाजू दिलं नाही.
नाश्त्याला सुशीला: मुरमुरे भिजवून,
दाण्याचं कूट हात सैल सोडून,
लिंबू तिनं पिळलं.
दुपारी येसराची आमटी, वर करडईच्या तेलात तडतडलेला लसूण.
भाकऱ्या तिनं थापल्या, मी शेकल्या.
एक जळाली. ती कुणाची, यावर वाद झाला,
मोजणी मात्र झाली नाही.

चारला लाईट गेली.
खिडकीच्या उजेडाला बसून तिनं पीठ घेतलं.
वाटी नाही. मूठ. मग अजून अर्धी मूठ.
"किती?" मी विचारलं.
"हाताला कळंस्तोर."
कुकर ठेवला आणि मला तिथं बसू दिलं नाही.
आम्ही गच्चीवर गेलो.
गोदावरीत पाणी होतं, नव्हतंही.
तिनं मला एका फाट्याचं नाव सांगितलं,
तिथं वर्ष झालं कुणी उतरत नाही;
ती तरी पुकारते,
ड्रायव्हर तरी जरा हळू घेतो.

खाली निघालो तर वास अर्ध्या जिन्यात
घ्यायला आलेला.
केक फुगला होता, वरून तडकला होता,
चैतातल्या काळ्या रानासारखा.
हमीदाबीच्या डब्यात अर्धा तसाच राहू दिला
आणि डबा देऊन आलो.

मीठ राखाडी पडलं होतं.
गार झाल्यावर बरणीत भरलं, वर कागद चिकटवला,
ऑफिसच्या अक्षरात:
केकचं मीठ. भाजीत घालू नये.

सोमवारी पहाटे दार लावून ओट्याशी आलो
तर त्याच्याखाली, तिकिटांचा हिशोब लिहायच्या पेनानं:
पुढचा रविवार कधी ते डेपोला माहीत.
शनिवारचा तुम्ही करून ठेवा.
कच्चा असला तरी चालंल.