खिडकीकडची बाजू

कालामात माझं औषधांचं दुकान आहे,
म्हणजे दुकान मालकाचं, काउंटर माझा.
तेवीस वर्षं डब्या विकतेय:
सुरकुत्यांवरची, डागांवरची, डोळ्यांखालच्या पिशव्यांवरची,
आणि एक, जिच्यावर नुसतंच 'काळ' लिहिलंय,
जणू तोही एक आजार, चिमूटभर लावला की उतरेल.
गिऱ्हाईक विचारतं, खरंच गुण येतो?
मी म्हणते, येतो, डबी उघडली तर.
बाया हसतात, आणि लहान डबी घेतात.

माझ्या नवऱ्याला, निबाल्दो आयाविरेला,
दोन वयं आहेत.
उजवा गाल पन्नाशीच्या अलीकडेच रेंगाळलेला.
डावा सत्तरीचा,
कोरड्या नदीच्या पात्रासारखा, बारीक बारीक फाटलेला.
सकाळी तांब्याचे पत्रे लादून तो बंदराकडे निघतो,
ऊन डावीकडून.
दुपारी रिकामा ट्रक घेऊन फिरतो,
ऊन पुन्हा डावीकडूनच.
काच वारा अडवते, ऊन नाही,
हे कळायला त्याला एकतीस वर्षं लागली.
आमच्या वाळवंटात सावली फक्त ट्रकलाच असते,
आणि तीसुद्धा ट्रकखाली.

मिलेंकाचं लग्न ठरलं तेव्हा
तो आरशासमोर उभा राहिला, आधी असा, मग तसा.
म्हणाला, फोटोत यातला कुठला मी जाऊ?

डॉक्टर अरांगिसबाईंनी भिंग लावून पाहिलं.
कानाजवळचा एक डाग काढून तपासायला पाठवला.
(नऊ दिवस आम्ही टीव्हीच्या आवाजावरूनसुद्धा भांडलो नाही.)
डाग साधा निघाला.
मग बाई म्हणाल्या,
रात्री हे, वाटाण्याएवढं, डोळ्यांपासून लांब.
सकाळी ते, दोन बोटं भरून, आणि दर दोन तासांनी पुन्हा.
गेलेलं सगळं परत येत नाही.
गळती थांबते.

पहिल्या महिन्यात गाल लाल झाला, मग सोलपटला.
मी कांदा झालो, तो म्हणाला.
रोज नको, एक रात्र आड लाव, मी म्हणाले.
हेच वाक्य काउंटरवर हजारदा बोललेय;
घरात बोलायला आवाज वेगळा काढावा लागला.

धाब्यावरच्या ड्रायव्हरांनी त्याला नवरी म्हणून चिडवलं.
पंधरवड्यानं त्यातलाच एक दुकानात आला,
टोपी काढून, हळूच,
बायकोसाठी सनस्क्रीन हवंय म्हणाला.
मी त्याच्या डाव्या गालाकडे पाहिलं
आणि मोठी ट्यूब दिली.

सात महिने झाले.
बारीक रेषा थोड्या विरल्यात, खोल होत्या त्या आहेत.
खिडकीला आता फिल्म आहे, हाताला लांब बाही.
लग्नाच्या फोटोत तो समोरून उभा राहिला,
दोन्ही वयं घेऊन,
आणि टाय मात्र वाकडा.

काल रात्री क्रीमची डबी बिछान्यात आणली त्यानं.
तो उजव्या कुशीवर, मी डाव्या,
तोंडं समोरासमोर.
माझ्या गालावर त्याचं बोट थांबलं. उजव्या.
मला वाटलं, काही लागलंय.

लग्नानंतर सहा वर्षं मी त्याच्या शेजारी बसून हिंडले,
मिलेंका शाळेत जाईपर्यंत, मांडीवर तिला घेऊन.
तेव्हा माल दुपारी निघायचा, परत यायचो सकाळी,
आणि ऊन माझ्या बाजूनं.
तिच्यावर मी दुपट्याचा आडोसा धरायचे.
दुपटं दोघींना पुरायचं नाही.
तेवीस वर्षं काउंटरच्या आरशात पाहतेय स्वतःला;
डावं कुठलं, उजवं कुठलं, कोण मोजतं?

गुळगुळीत गाल दोघांचेही उशीत दडलेले,
वर छताकडे
दोन उन्हं.

तुझ्याही बाजूला काच होती की,
तो म्हणाला.

आणि बोटावरच्या वाटाण्याचे
त्यानं दोन भाग केले.