अंगठ्याच्या मुळाशी

फोंड्याच्या इस्पितळात, दुसऱ्या मजल्यावर,
इव्हेट बार्रेटो नावाची मुलगी
माझा अंगठा हातात घेऊन बसते,
हलकेच दाबते, फिरवते.
आतून कर्रर्र.
"ऐकलंत?" म्हणते.
ऐकलं. तीन वर्षं ऐकतेय.
कडी काढताना, चादर पिळताना,
रात्री दोन वाजता, काहीच करत नसताना.

इथला सांधा खोगिरासारखा, ती सांगते,
हाडावर हाड स्वार.
तुमच्या खोगिराची गादी झिजली.
चिमटीत एक किलो धरलं
तर मुळाशी बारा किलो बसतं.
मी मनात हिशेब मांडते:
म्हार्दोळच्या देवळासमोर एकेचाळीस वर्षं,
दिवसाला तीस फाती, फातीला ऐंशी कळ्या,
दोन कळ्यांना एक गाठ, गाठीला एक चिमूट.
बारानं गुणायला जाते आणि सोडून देते.
एवढं ओझं नवऱ्यानंही उचललं नसेल,
आणि तो मुरगावच्या धक्क्यावर हमाल होता.

रेशनच्या दुकानातलं मशीन हा अंगठा ओळखत नाही.
"पुसलाय," शाणू म्हणतो, "दुसरं बोट द्या."
इव्हेट ओळखते.
गरम पाण्यात पांढरी पट्टी टाकते,
ती ओल्या पापडासारखी लुळी पडते,
मग माझ्या हातावर बसवून
गार होईतो धरून राहते.
कुणी इतका वेळ माझा हात धरला होता
त्याचं साल आठवत नाही.

मग एकेक सांगणं.
बरणीचं झाकण तळव्यानं, खाली ओलं फडकं.
चादर नळाला अडकवून पिळा.
सुरीच्या मुठीला सायकलची जुनी ट्यूब गुंडाळा.
अंगठा गोल करा, पेला धरल्यासारखा.
पेला नाही, तरी धरा.
आणि दर पंधरा मिनिटांनी पाच मिनिटं थांबा.

तिथं मी हसले.
बाई गं, जाईची कळी थांबते का?
दुपारी खुडली की सांजेला उमलणार,
त्याआधी बांधून व्हायला हवी,
उघडं फूल गिऱ्हाईक घेत नाही.
माझं घड्याळ तिच्यापाशी.

"मग घेऊन या कळ्या."
पुढच्या बुधवारी टोपली मांडीवर,
केळीच्या सोपाचा ओला दोरा पिशवीत,
अशी कदंब बसमध्ये बसले.
इव्हेट माझ्या हातांकडे बघत राहिली,
मग स्वतःच बांधायला घेतलं.
सातव्या कळीला तिची फात सुटली.
पुन्हा सुटली.
म्हणाली, दोरा टेबलाला बांधून बघूया का?
ओढ मनगटानं द्यायची,
अंगठा नुसता पाहुणा.
जमलं. वाकडं, पण जमलं.
ती वाकडी फात तिनं केसांत माळली,
ड्युटीवर चालत नाही म्हणत म्हणत.

आता दोरा दुकानाच्या खांबाला असतो.
तिसाच्या अठरा झाल्या.
सून सुलक्षा ट्यूबवाल्या सुरीला हसायची,
हल्ली तीच सुरी शोधते.
पंधरा मिनिटांनी मोबाईल आरवतो,
मी हात मांडीवर उताणे टाकते.

परवा, चतुर्थीच्या आदल्या सांजेला,
तशीच बसले होते.
टोपलीत, ओल्या फडक्याखाली
काहीतरी हललं. उंदीर वाटला.
फडकं उचललं तर
कळ्या उघडत होत्या.
एक, तिच्या शेजारची,
मग मोजता येईनात इतक्या.
एकेचाळीस वर्षं माझ्या चिमटीतून गेल्या,
उघडताना एकही पाहिली नव्हती.
त्या उघडायच्या दुसऱ्यांच्या केसांत,
देवीच्या खांद्यावर, मी घरी गेल्यावर.

दोनशे रुपयांचं नुकसान.
सुलक्षा म्हणाली, आई, आता काय करायचं यांचं?
मी अंगठा गोल केला,
नसलेला पेला धरला.
थांब, म्हटलं,
अजून दोन मिनिटं आहेत.